जखमेवर मधाची पट्टी : घरी ड्रेसिंग बदलणाऱ्यांसाठी

डॉक्टर मधाची पट्टी लिहून देतात, पण ती बदलायचं काम बहुधा घरच्यांवर येतं. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

सोलापूरला हा उपचार नवा नाही. इथल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. मध लावलेल्या ९१ टक्के जखमा ७ दिवसांत जंतुमुक्त झाल्या होत्या. हा आकडा भाजलेल्या जखमांचा आहे, मधुमेहामुळे पायाला झालेल्या जखमेलाही तोच आकडा लागू होतो असं समजू नका.

मधात सुमारे ८० टक्के साखर असते. ती जखमेतलं पाणी ओढून घेते, त्यामुळे जंतूंना वाढायला ओल मिळत नाही. मध आम्लधर्मी असतो, आणि जखमेच्या पाण्याने थोडा पातळ झाला की त्यातून हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं.

घरातला मध मात्र नको, कितीही शुद्ध असला तरी. त्यात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. उकळला तर पेरॉक्साइड तयार करणारं विकर (एन्झाइम) नष्ट होतं. म्हणून औषधी मध उष्णतेने नव्हे, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो.

हात साबणाने धुवा, हातमोजे घाला. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढू नका. नॉर्मल सलाइन (निर्जंतुक मिठाचं पाणी) टाकून ५ मिनिटं थांबा. सलाइननेच जखम धुवा, भोवतालची कातडी टिपून कोरडी करा. मध थेट जखमेवर ओतला की ओघळतो, म्हणून आधी निर्जंतुक गॉजला लावा. १० × १० सेंटिमीटरच्या तुकड्याला साधारण २० मिली मध लागतो. बहुतेकांची चूक इथेच होते: पातळसा थर देतात, जखमेचं पाणी तो तासाभरात धुऊन नेतं आणि पट्टीचा उपयोग राहत नाही. खोल जखमेत मध भरल्याशिवाय तळापर्यंत पोचत नाही. तो भाग नर्सकडून करून घ्या. वर जाड शोषक पॅड आणि चिकटपट्टी. टॉवेलचा तुकडा बांधू नका, त्याचे धागे जखमेत अडकतात.

पहिले काही दिवस रोज बदला. पाणी कमी झालं की २-३ दिवसांनी चालतं. पॅड बाहेरून ओलं दिसलं तर वेळेची वाट न पाहता बदला. कडेची कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसली तर पॅड अपुरं पडतंय. कडेला झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

लावल्यावर थोडी चुणचुण होते, ती आम्लामुळे. असह्य झाली तर धुऊन काढा आणि डॉक्टरांना सांगा. मधाची किंवा मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असेल तर ही पट्टी लावूच नका. मधुमेह असेल तर साखर नेहमीप्रमाणे तपासत राहा. डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पट्टी सुरू झाली म्हणून थांबवू नका.

लाली पसरत असेल, ताप आला, मांस काळं पडलं, हाड दिसू लागलं किंवा पायाची बोटं गार पडली, तर पट्टी बदलत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात मधाची ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका. मध पातळ होऊन गळतो. उघडलेली ट्यूब एकाच रुग्णासाठी वापरा, तिचं तोंड जखमेला टेकवू नका.