उसाचे बिल येण्याआधीची बुद्धी

कागदावर ५ ५ ५ असे छापलेले आहे आणि प्रश्न एवढाच आहे, की येथे एकूण आकडे किती? उत्तर ३ आहे. पण डोळ्यांसमोर ५ असल्यामुळे तोंडातून ‘पाच’च निघू पाहते आणि ते आवरायला मनाला क्षणभर जोर लावावा लागतो. तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांना संशोधकांनी अशी कोडी दोनदा सोडवायला दिली, एकदा तोडणीपूर्वी आणि एकदा उसाचे पैसे हाती आल्यावर. सोबत आकृत्यांच्या मांडणीतील गाळलेला तुकडा ओळखण्याची रेव्हन चाचणीही होती. त्या चाचणीत तोडणीपूर्वी सरासरी ४.३५ उत्तरे बरोबर आली, तर पैसे मिळाल्यावर ५.४५. आनंदी मणी, सेंधिल मुल्लइनाथन, एल्डर शाफिर आणि जियायिंग झाओ यांचे हे संशोधन २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

माणूस तोच, शिक्षण तेच, मग बदलले काय? वर्षाची बहुतेक कमाई एकाच वेळी हाती येणाऱ्या या घरांत तोडणीपूर्वीचे दिवस ओढाताणीचे असतात. तेव्हा ७८ टक्के शेतकऱ्यांनी काही ना काही गहाण टाकलेले होते आणि तोडणीनंतर असे करणारे अवघे ४ टक्के होते. कारखान्याच्या क्रमानुसार प्रत्येकाची तोडणी वेगवेगळ्या वेळी होत असल्यामुळे हा फरक सणासुदीचा किंवा ऋतूचा म्हणता येत नाही. संशोधकांचा निष्कर्ष असा, की कोणाचे देणे आधी भागवायचे आणि कोणाला थांबवायचे, हा हिशेब डोक्यात अखंड चालू राहतो आणि समोरच्या कामासाठी लक्ष उरत नाही.

चंगळवाद वाढला, पैशाला अवाजवी महत्त्व आले, ही तक्रार खरी आहे आणि ती मलाही मान्य आहे. मात्र सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, हे आपल्या पूर्वजांनी अनुभवाने ओळखले होते, आणि पैशाला किती महत्त्व द्यावे या प्रश्नाचा विचार पैसा जेथे पुरत नाही तेथूनच सुरू व्हावा असे मला वाटते.

वरच्या टोकाला काय होते, याचाही अभ्यास झाला आहे. डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये मांडले, की अमेरिकेत वार्षिक ७५,००० डॉलरच्या पुढे रोजचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी मोबाइलवरून ३३,३९१ नोकरदारांच्या मनःस्थितीच्या नोंदी दिवसभरात वेळोवेळी घेतल्या आणि २०२१ मध्ये नेमके उलटे सांगितले. मग कानमन आणि किलिंग्जवर्थ या दोघांनी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ करून एकत्र बसून आकडे तपासले. वैज्ञानिकांनी मतभेद असे मिटवावेत, याचा मला फार आदर वाटतो. २०२३ मध्ये निघालेले उत्तर असे: बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढतच राहतो, पण जे मुळातच सर्वांत दुःखी आहेत त्यांच्या बाबतीत सुमारे एक लाख डॉलरनंतर ही वाढ थांबते. शिवाय ही वाढ रकमेने नव्हे, पटीने होते. महिना वीस हजारांचे चाळीस हजार झाल्यावर जेवढी पायरी चढली जाते, तेवढीच चढायला दोन लाखांचे चार लाख व्हावे लागतात.

तमिळनाडूच्या निष्कर्षांवर शंकाही घेतल्या गेल्या. अमेरिकेत अल्प उत्पन्न गटातील लोकांच्या पगारापूर्वी आणि पगारानंतर घेतलेल्या चाचण्यांत, २०१६ च्या एका शोधनिबंधानुसार, बुद्धीच्या कामगिरीत फरक आढळला नाही. ठरलेल्या तारखेला पडणारा पगार आणि वर्षातून एकदा येणारे उसाचे बिल यांचा मनावरचा भार सारखा नसावा, असे मला वाटते.

म्हणूनच ओडिशातील प्रयोग महत्त्वाचा ठरतो. तेथे पानांच्या पत्रावळी करणाऱ्या, नगावर मजुरी घेणाऱ्या कामगारांपैकी काहींना कमावलेल्या मजुरीचा मोठा भाग आधी दिला गेला. पैसे तेवढेच होते, फक्त लवकर मिळाले. हाती पैसे आल्यानंतर त्यांच्या पत्रावळींची संख्या वाढली, विशेषतः अधिक गरीब कामगारांची, आणि कामातील चुकाही कमी झाल्या. काडी चुकीच्या जागी टोचली की ती काढून पुन्हा टोचावी लागते आणि पानाला दुहेरी भोक पडते; कामगाराचे लक्ष किती ठिकाणी विखुरले आहे, हे संशोधकांना पत्रावळीवरच वाचता येत होते.

आपल्याकडे ऊस कारखान्याला गेला, की १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने घातलेले आहे आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याजाची तरतूदही आहे. बिल थकले, की कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात आंदोलने होतात, ती रुपयांसाठी असतात आणि ती रास्तही असतात. मात्र त्या थकलेल्या दिवसांत शेतकऱ्याने खताचा, मुलीच्या शिक्षणाचा किंवा कर्जाचा जो निर्णय अर्ध्या लक्षाने घेतला, त्याची भरपाई त्या १५ टक्क्यांत कोठेही धरलेली नाही.