फुगलेल्या नसा: लेझर की फोमचं इंजेक्शन?

रावेर-यावलच्या केळीबागांत, जळगावच्या सराफ दुकानांत दिवसभर उभं राहणाऱ्यांची संध्याकाळची तक्रार एकच: 'पाय दुखतस.' पोटरीवर निळ्या गाठाळ नसा दिसल्या की शेजारी सांगतो, लेझर करून टाका. प्रत्यक्षात इंजेक्शन घेतलेलं असलं तरी गावात त्यालाही लेझरच म्हणतात. दोन्हींत टाके नाहीत, दोन्हींत माणूस चालत घरी जातो. पण लेझर नस उष्णतेने बंद करतो, फोम औषधाने.

लेझरसाठी गुडघ्याजवळ सुई घालून, सोनोग्राफीत बघत फायबर (लेझरचा प्रकाश नेणारी बारीक तार) पायाच्या वरवरच्या मुख्य नसेतून वर सरकवतात. ही नस जांघेत खोल नसेला मिळते. टोक त्या जोडाच्या साधारण 2 सेंमी अलीकडेच थांबवायचं, नाहीतर खोल नसेत गुठळी होण्याची भीती. मग नसेभोवती सलाइनमध्ये मिसळलेलं भुलीचं औषध भरपूर भरतात. त्याने नस आवळते आणि कातडी उष्णतेपासून लांब राहते. इथे हात आखडला की कातडी भाजते. गुडघ्याच्या बरंच खाली लेझर नेला तर शेजारचा मज्जातंतू दुखावून पाय बधिर पडतो.

फोममध्ये दोन सिरिंज थ्री-वेला (तीन तोंडांच्या छोट्या तोटीला) जोडतात: 1 भाग पोलिडोकॅनॉल (नस बंद करणारं औषध), 4 भाग हवा, साधारण 20 वेळा इकडून तिकडे. पांढरा दाट फेस तयार होतो. नुसतं औषध रक्तात पातळ होतं, फेस रक्ताला बाजूला सारून नसेच्या भिंतीला चिकटतो. मात्र दोनेक मिनिटांत तो विरू लागतो, म्हणून ऐनवेळी बनवायचा. एका बैठकीत साधारण 10 मिलीच्या वर जात नाहीत. नंतर तपकिरी डाग राहतात, कधी अडकलेल्या रक्ताची दुखरी गाठ होते. ती सुईने मोकळी करता येते.

सरळ, जाड मुख्य नस गळत असेल, म्हणजे तिच्या झडपा निकामी होऊन रक्त उलटं वाहत असेल, तर आमची पसंती लेझरला. तिथे फोम स्वस्त पडतो, पण नस पुन्हा उघडण्याचं प्रमाण जास्त. वेड्यावाकड्या फांद्यांत फायबर वळत नाही, तिथे फोमच. मुख्य नस तशीच ठेवून वरवरच्या फांद्यांना टोचत बसलात तर पैसे वाया. कुठली नस गळते ते ठरतं डॉपलरवर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), तोही उभं करून काढलेला: रक्त अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहिलं, तर झडप निकामी.

नंतर घट्ट मोजे घालायचे असतात. मे महिन्यात 44 अंशांत ते कोणी टिकवत नाही, म्हणून घाई नसेल तर हिवाळा गाठा. विडी ओढणाऱ्यांनी आणि मधुमेह्यांनी मोजे चढवण्याआधी पावलाची नाडी तपासून घ्यावी: धमनीच चोंदलेली असेल तर त्या दाबाने बोटं काळी पडू शकतात.