कॉल फ्रेम आणि सिग्नल फ्रेम: बॅकट्रेसमधल्या दोन शेजारणी

फोंड्यात माझ्याकडे सी शिकायला येणाऱ्या एका मुलीने परवा जीडीबी या डिबगरचा (चुका शोधायच्या साधनाचा) बॅकट्रेस दाखवला, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं त्याची यादी. मधल्याच एका ओळीत फंक्शनचं नाव नव्हतं, नुसतं ‘सिग्नल हँडलर कॉल्ड’: सिग्नल, म्हणजे चालू प्रोग्रॅमला मधेच आलेली हाक, हाताळणारं फंक्शन (हँडलर) बोलावलं गेलं. "सर, ही फ्रेम केवढी ते डिबगरला कोण सांगतं?" असा नेमका प्रश्न क्वचितच येतो.

फ्रेम म्हणजे एका कॉलसाठी स्टॅकवर, प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या मेमरीत, राखलेली जागा. साधी कॉल फ्रेम सरळ असते. एक्स८६-६४ वर, म्हणजे नेहमीच्या पीसीच्या ६४-बिट प्रोसेसरवर, कॉलची सूचना परतीचा ८ बाइटचा पत्ता स्टॅकवर ठेवते. बाकी जागा किती, हे कंपायलर ठरवतो आणि तक्त्यात लिहून ठेवतो. डिबगर तो तक्ता वाचतो.

सिग्नल म्हणजे पोदेराचा, आमच्या गोव्यातल्या पाववाल्याचा, पोंपों. वाटण अर्ध्यावर असलं तरी हातातलं तिथेच ठेवून दारात जायचं. वेळ आपण निवडलेली नसते. प्रोग्रॅमही असाच कुठल्याही दोन सूचनांच्या मधे अडवला जातो, म्हणून लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) सगळीच रजिस्टरं, प्रोसेसरमधले छोटे कप्पे, स्टॅकवर मांडतो. त्याआधी १२८ बाइटचा पट्टा सोडतो, कारण चालू फंक्शनने स्टॅक पॉइंटर (स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर) न हलवताच तो वापरलेला असू शकतो.

ही फ्रेम केवढी होणार, हे कंपायलरला ठाऊकच नसतं. फ्लोटिंग पॉइंटच्या (दशांश आकड्यांच्या) रजिस्टरांची जुनी नोंद ५१२ बाइटची. एव्हीएक्स-५१२ च्या, म्हणजे फार रुंद रजिस्टरांच्या, प्रोसेसरवर ती अडीच हजारांवर जाते. सिग्नल स्टॅकसाठी (हँडलरला दिलेल्या वेगळ्या स्टॅकसाठी) ठरलेला किमान २०४८ चा आकडा त्यामुळे तोकडा पडला, आणि ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या २०२१ च्या २.३४ आवृत्तीत तो सिस्टमला विचारून घ्यायची सोय आली.

मग डिबगर मोजतो कसा? तो मोजतच नाही. हँडलर संपला की परततो ग्लिबसीच्या ९ बाइटच्या तुकड्यात: आरएएक्स रजिस्टरमध्ये १५ (सिग्नलमधून परतायच्या विनंतीचा क्रमांक) टाका, सिस्टम कॉल करा, म्हणजे कर्नलला ती विनंती करा. तो तुकडा ओळखू आला की तिथल्या स्टॅक पॉइंटरपासून १६० बाइटवर जुना स्टॅक पॉइंटर आणि १६८ वर अडवलेल्या सूचनेचा पत्ता तयारच असतो. फ्रेम कितीही पसरो, हँडलर वेगळ्या स्टॅकवर चालो, फरक पडत नाही.

मला सर्वांत सुंदर वाटते ती एका बाइटची गोष्ट. परतीचा पत्ता कॉलच्या पुढच्या सूचनेचा असतो. कॉल फंक्शनच्या अगदी शेवटी असेल तर तो शेजारच्या फंक्शनमध्ये पडतो. म्हणून डिबगर त्यातून १ वजा करून शोध घेतो. सिग्नलने अडवलेला पत्ता मात्र नेमका असतो, तिथे वजाबाकी चुकीची. ही फ्रेम सिग्नलची आहे, हे तक्त्यातलं ‘एस’ अक्षर सांगतं. पण हँडलरचा स्वतःचा परतीचा पत्ता? तो त्या ९ बाइटच्या तुकड्याची पहिलीच सूचना, आणि तिच्याआधी कॉल नाहीच. १ वजा केला की तुकड्याच्या बाहेर! म्हणून ग्लिबसीने तुकड्याच्या आधी एक नॉप (काहीच न करणारी सूचना) ठेवला आणि तक्त्यात तुकड्याची सुरुवात एक बाइट आधीची लिहिली. त्या मुलीने लगेच डिसअसेंब्ली (मशीन कोडचं वाचता येणारं रूप) उघडली आणि तो नॉप शोधून काढला.