रस्तेरचनेतील लोकसहभाग (पुणे)

शहरातला रस्ता नव्याने आखताना, रुंद करताना किंवा खोदून पुन्हा बांधताना त्यावरून चालणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या आणि बसची वाट पाहणाऱ्या माणसांचे म्हणणे काम सुरू होण्याआधी विचारात घेणे, याला रस्तेरचनेतील लोकसहभाग म्हणतात. पुण्यात हा शब्द महापालिकेच्या कागदांवर गेल्या वीसेक वर्षांत रुळला. त्याआधी लोक बोलत नव्हते असे मुळीच नाही. वृत्तपत्रांतली वाचकांची पत्रे, मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या वॉर्ड ऑफिसातल्या चकरा, नगरसेवकाच्या दारात सकाळी जमणारी माणसे हे सहभागाचेच जुने प्रकार होते. मात्र ते बोलणे बहुतेक वेळा खड्डा पडल्यावर, पदपथ उखडल्यावर व्हायचे, आणि रस्ता कसा असावा हे महापालिकेच्या पथ विभागातच ठरायचे.

तक्रार आणि सहभाग यांत नेहमी गल्लत होते. महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर खड्ड्याचा फोटो टाकला की ती तक्रार. त्याच रस्त्याचा आराखडा मंजुरीआधी लोकांपुढे ठेवला आणि बसथांबा शाळेच्या फाटकासमोरून वीस पावले पुढे न्या असे कोणी सुचवले, की तो सहभाग. पहिल्या प्रकाराची महापालिकेला सवय आहे. दुसऱ्यासाठी तिला आराखडा वेळेवर आणि सामान्य माणसाला वाचता येईल अशा रूपात बाहेर आणावा लागतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या काळासाठीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती-सूचना दाखल झाल्या. पेठांतली रस्तारुंदी, आरक्षणे आणि मेट्रोलगतचा वाढीव चटईक्षेत्र निर्देशांक (जागेच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल याचे माप) हे वादाचे मोठे विषय होते. नियोजन समितीपुढे सुनावण्या झाल्या, २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा आपल्या हाती घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर झाला.

रस्तारुंदीचा दुसरा मार्ग महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० मधून जातो. २०२० मध्ये महापालिकेने ६ मीटर रुंदीचे ३२३ रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव याच कलमाखाली आणला. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला त्यामुळे वाट मिळेल, ही त्यामागची मांडणी. निवासी गल्ल्यांतली झाडे, कुंपणाच्या भिंती आणि मुलांना सायकल शिकवता येईल एवढी शांतता जाईल, अशी हरकत रहिवाशांनी घेतली.

या तरतुदी मोलाच्या आहेत, पण त्या थांबतात कुठे हे पाहण्यासारखे आहे. रस्ता किती मीटरचा असावा यावर हरकत घेता येते. त्या मीटरांतले किती चालणाऱ्याला, किती सायकलला आणि किती बसला मिळावेत, यावर हरकती मागवण्याची सक्ती कुठेच नाही. पुण्यात लोकसहभागाचे जे जे प्रयोग झाले ते या मोकळ्या राहिलेल्या जागेत झाले, आणि म्हणूनच ते त्या त्या वेळच्या आयुक्तांच्या, अभियंत्यांच्या आणि नागरिकांच्या चिकाटीवर तगले किंवा विरले.

नागरिकांचे अंदाजपत्रक

त्यांतला सर्वांत दीर्घकाळ चाललेला प्रयोग म्हणजे अंदाजपत्रकातील नागरिक सहभाग. २००६ मध्ये, नितीन करीर आयुक्त असताना, तो सुरू झाला. नागरिकाने एक साधा अर्ज भरायचा, त्यात आपल्या भागातले ५ लाख रुपयांच्या आतले काम सुचवायचे आणि तो क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. तिथले अभियंते जागा पाहून खर्चाचा अंदाज काढतात, प्रभाग समितीपुढे यादी जाते आणि मान्य झालेली कामे पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येतात. भारतात फार थोड्या शहरांनी अशी सोय ठेवली आहे आणि पुणेकरांनी तिचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

तिची मर्यादाही त्याच आकड्यात आहे. ५ लाखांत बाक बसतो, नामफलक लागतो, पदपथाची तुटलेली कड सांधता येते, एखाद्या चौकात उतार करून घेता येतो. सलग चालता येईल असा पदपथ त्यात होत नाही. शिवाय पदपथ प्रभागाच्या हद्दीपाशी थांबत नाही, अर्ज मात्र थांबतो. एका कोपऱ्यावर गुळगुळीत फरशी आणि पुढच्या चौकापलीकडे राडारोडा, हे दृश्य पुण्यात ठायी ठायी दिसते, त्याचे एक कारण हेही आहे.

याच्या जोडीला एक कमी बोलली जाणारी सोय आहे. महेश झगडे आयुक्त असताना महापालिकेने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कार्यालयांतली कागदपत्रे पाहू देण्याची पद्धत सुरू केली. माहिती अधिकाराचा अर्ज करून महिना थांबण्याऐवजी रस्त्याच्या कामाची निविदा, नकाशा आणि मोजमापे थेट पाहता येऊ लागली. ज्याने कार्यादेश वाचला आहे त्याच्याशी अभियंत्यालाही वेगळ्या पद्धतीने बोलावे लागते.

पदपथाची पाहणी

लोकसहभागाचे सर्वांत भरीव काम सभागृहात होत नाही, ते रस्त्यावर टेप घेऊन होते. ‘परिसर’, ‘पेडेस्ट्रियन्स फर्स्ट’ अशा संस्थांनी पुण्यात पादचाऱ्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला आहे. पाहणीची पद्धत सोपी आहे. चारपाच जण एका चौकातून निघतात आणि पुढच्या चौकापर्यंत पदपथावरूनच चालायचे असे ठरवतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे चालण्याची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. टेप धरली की मध्ये विजेची पेटी येते, मग झाडाचा पार, मग दुकानाची पायरी, मग अर्धवट झाकलेला चेंबर, मग सोसायटीच्या फाटकासाठी तिरका कापलेला उतार, त्यावर उभी केलेली दुचाकी. ज्या दोघांनी टेप धरलेली असते त्यांतल्या एकाला कुठेतरी रस्त्यावर उतरावेच लागते.

ज्येष्ठ मंडळी अशा वेळी हमखास एकच गोष्ट सांगतात : दर पंधरा पावलांवर चढा-उतरायचे तर गुडघे बोलतात, त्यापेक्षा खालून चाललेले बरे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, पदपथ असूनही लोक रस्त्यावरून चालतात, शिस्तच नाही. एका तासाच्या पाहणीत हा समज गळून पडतो. सलगता हा पदपथाचा पहिला गुण आहे आणि पेव्हर ब्लॉकचा रंग हा शेवटचा. ही गोष्ट कोणत्याही सल्लागाराच्या अहवालाआधी पायांना कळलेली असते.

महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि रस्तेरचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यामागे अशा पाहण्या आणि संस्थांचा पाठपुरावा यांचा मोठा वाटा आहे. कागदावर ही तत्त्वे उत्तम आहेत. चालणारा पहिला, मग सायकल आणि बस, आणि मग खासगी वाहन, असा क्रम त्यांत आहे.

बस, सायकल आणि मोटार

क्रम प्रत्यक्षात आणताना काय होते, ते बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेच्या, इतिहासात दिसते. कात्रज–स्वारगेट–हडपसर हा देशातला सुरुवातीचा बीआरटी मार्ग डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाला. रस्त्याच्या मधोमध थांबे आले, पण तिथपर्यंत सुरक्षित कसे पोचायचे याचा विचार अपुरा होता. पदपथ आणि सायकल मार्ग तुकड्यातुकड्यांत झाले. बससाठी वेगळी मार्गिका हवी असे म्हणणाऱ्या संस्थांनीच या त्रुटींवर बोट ठेवले, हे लक्षात घ्यायला हवे, कारण पुढे बीआरटीवरची सगळी टीका बसविरोधी ठरवली गेली, तर कधी तीच टीका बसविरोधकांनी वापरली. २०१५ मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी मार्ग ‘रेनबो बीआरटी’ म्हणून सुरू झाला. तेव्हा आधीपासून जनजागृती झाली होती आणि थांबे बरेच नीटनेटके होते. त्यापाठोपाठ सुरू झालेला नगर रस्त्यावरचा मार्ग मात्र २०२३ पासून टप्प्याटप्प्याने काढला गेला. वाहनकोंडीत अडकलेल्या मोटारचालकांचा आवाज मोठा होता. बसमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्यांना कोणी विचारायला गेले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या शहराच्या लोकसहभागातली ही सर्वांत मोठी चूक आहे.

सायकलींच्या बाबतीत २०१७ चा एकात्मिक सायकल आराखडा लोकांशी बोलून तयार झाला आणि त्या वर्षअखेरीस महापालिकेच्या मुख्य सभेने, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेने, मंजूर केला. त्याच सुमारास सार्वजनिक सायकल योजनाही आली. विद्यापीठात आणि औंधमध्ये रंगीत सायकली दिसू लागल्या, आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकल मार्ग आहेत तिथे अनेक ठिकाणी दुचाकी उभ्या असतात. ‘मार्ग केला तरी कोणी सायकल चालवत नाही’ असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो, तो अन्यायाचा आहे. ज्या मार्गावर दर शंभर पावलांवर उतरावे लागते त्यावरून एकेकाळी सायकलींसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहरानेही सायकल का चालवावी?

जंगली महाराज रस्ता हे मात्र जमलेले उदाहरण. १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने तो असा बांधला की खड्डेच पडेनात, अशी या रस्त्याची जुनी ख्याती. २०१६-१७ पासून वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांच्या आराखड्यानुसार त्याचा पदपथ रुंद झाला, झाडांखाली बसायच्या जागा झाल्या, मुलांच्या खेळण्याची सोय झाली, सायकल मार्ग आला. संध्याकाळी बालगंधर्व रंगमंदिराच्या बाजूने चालत गेले की आजोबा बाकावर आणि नातवंडे झोपाळ्याजवळ दिसतात. गर्दीच्या वेळी दुचाकी पदपथावर चढतात हेही तिथेच दिसते. औंधमध्ये डीपी रस्त्यावर आधी तात्पुरते अडथळे लावून वाढीव पदपथ आखून पाहिला गेला. चुकले तर पुसता येईल अशी ही रीत अतिशय शहाणपणाची आहे आणि ती इतर रस्त्यांवर नेहमीची व्हायला हवी होती. कायमचे काम झाल्यावर तिथल्या काही व्यापाऱ्यांनी आणि रहिवाशांनी पार्किंग गेल्याची, रस्ता अरुंद झाल्याची तक्रार केली.

पार्किंग हाच पुण्यातल्या प्रत्येक रस्त्याच्या चर्चेचा खरा मुद्दा आहे. मार्च २०१८ मध्ये मुख्य सभेने रस्त्यावर गाडी उभी करण्यासाठी शुल्क घेण्याचे वाहनतळ धोरण मंजूर केले, तेही मोजक्या पाच रस्त्यांपुरते. विरोध एवढा झाला की ते अमलात आले नाही.

पथारी, टेकडी आणि पेठा

सहभागी लोक म्हणजे फक्त रहिवासी नव्हेत. पदपथावर पथारी लावणारे हेही रस्त्याचे भागीदार आहेत. पथ विक्रेता अधिनियम, २०१४ प्रमाणे शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून आलेले असावे लागतात. भाजीवाली मावशी कोपऱ्यावर उभी असते म्हणून रात्री साडेनऊला तो कोपरा बायकांना सुरक्षित वाटतो, ही गोष्ट अतिक्रमणाच्या फाइलीत कधी येत नाही.

विरोध हाही सहभागच. बालभारती–पौड फाटा या प्रस्तावित रस्त्याला वेताळ टेकडी वाचवण्यासाठी झालेला विरोध आणि एप्रिल २०२३ मधला मोर्चा पुणेकरांच्या लक्षात आहे. विधी महाविद्यालय रस्त्यावरची कोंडी सुटेल असे समर्थक म्हणतात, टेकडीवर फिरायला जाणारे आणि भूजलाची काळजी करणारे ते मान्य करत नाहीत. प्रश्न एका रस्त्याचा नाही. कोंडीला उत्तर म्हणून आणखी रस्ता द्यायचा की बस आणि पदपथ, हा आहे.

लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो. रस्त्याचा एक भाग त्या दिवशी वाहनांना बंद असतो. खरे तर पेठांना हे नवे नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीला हाच रस्ता रात्रभर पायांचा असतो, आणि आषाढीआधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या नाना आणि भवानी पेठेत मुक्कामाला येतात तेव्हा अर्धे शहर वारकऱ्यांना वाट करून देते. गाड्या बंद केल्या की धंदा बसतो असे म्हणतात, पण दुकाने त्यामुळे बुडाली नाहीत.

आजची अडचण

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे महापालिका प्रशासकांच्या हाती राहिली. त्या काळात प्रभाग समितीत लोकप्रतिनिधी नसल्याने नागरिकांच्या सूचनांवर खुली चर्चा होण्याची जागाच उरली नव्हती. याच काळात मेट्रो आली : मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे महाविद्यालय, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारातून स्वारगेटपर्यंत. स्थानकातून बाहेर पडलेला प्रवासी कुठल्या पदपथावर पाय ठेवतो, रस्ता कुठून ओलांडतो आणि पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, थांबा किती लांब आहे, हे आता रोजचे प्रश्न झाले आहेत.

सूचना मागवणाऱ्या बैठका बहुधा कामाच्या दिवशी, दुपारी, क्षेत्रीय कार्यालयात होतात. त्या वेळी येऊ शकणारे ठरलेले असतात : निवृत्त मंडळी, संस्थांचे कार्यकर्ते, दुकानदारांचे प्रतिनिधी. ही माणसे कळकळीने येतात आणि त्यांचे ऐकायलाच हवे. पण धुण्याभांड्याची चार घरे करून पाचव्या घरी चालत निघालेली बाई, डब्याची पिशवी सायकलच्या हँडलला अडकवून कारखान्यात जाणारा माणूस आणि काठी टेकत पदपथाचा कठडा शोधणारा दृष्टिहीन विद्यार्थी तिथे नसतात. त्यांना बोलवायचे तर नकाशा घेऊन सकाळी साडेसातला बसथांब्यावर उभे राहावे लागेल, आणि बस येण्याआधीच्या दहा मिनिटांत विचारावे लागेल : ताई, तुम्ही इथे रस्ता कुठून ओलांडता?