लांबलेली थंडी आणि मार्चमधली शर्यत

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आपल्याकडे म्हणतात. पण एखाद्या वर्षी उत्तरेकडचे कोरडे वारे रेंगाळतात आणि सोलापुरात पहाटेचा पारा 15 अंशांच्या आसपास अडून राहतो. मार्चअखेरच्या शर्यतीसाठी सराव करणाऱ्यांना ही हवा फार मानवते. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने किंवा विजापूर रस्त्याने पहाटे धावताना दम कमी लागतो, टाइमिंग सुधारते आणि तयारी पूर्ण झाल्यासारखे वाटू लागते. या सुधारणेत थंडीचा वाटा किती आणि आपल्या सरावाचा किती, हे मात्र वेगळे काढून पाहिले पाहिजे.

धावताना स्नायू आपल्या ऊर्जेपैकी जेमतेम 20 ते 25 टक्के भाग प्रत्यक्ष हालचालीसाठी वापरतात आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. 60 किलो वजनाचा माणूस ताशी 10 किलोमीटर वेगाने धावला, तर तासाला साधारण 600 किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यांतल्या 470 च्या आसपास अंगात उष्णता म्हणून तयार होतात. एवढ्या शरीराचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे 50 किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर सहा-सात मिनिटांना ताप एकेका अंशाने चढत जाईल. थंड हवेत ती त्वचेवरून सहज निघून जाते, हृदयाला त्वचेकडे जास्तीचे रक्त पाठवावे लागत नाही आणि ते रक्त पायांच्या कामी येते. लांब पल्ल्याच्या शर्यतींना 10 अंशांच्या आसपासचे तापमान अनुकूल ठरते, ते याचमुळे.

थंडीचा खरा त्रास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असतो. गार स्नायू हळू आकुंचन पावतात आणि त्यांची ताकदही कमी पडते. स्नायूचे तापमान एका अंशाने वाढले की जोरकस हालचालीची क्षमता साधारण 2 ते 5 टक्क्यांनी वाढते. म्हणून पहाटे घराबाहेर पडताच वेग धरू नये. आधी झपझप चालावे, मग सावकाश धावावे आणि पोटऱ्या मोकळ्या झाल्यावरच ठरलेला पेस पकडावा. स्वेटर घालून मात्र धावू नये. पहिला किलोमीटर किंचित गार वाटेल इतकेच कपडे पुरेसे असतात, कारण घामाने भिजलेला जाड कपडा थांबल्यावर अंग झपाट्याने गार करतो.

श्वासाचेही एक पथ्य आहे. वेग वाढला की आपण तोंडाने श्वास घेऊ लागतो आणि हवा ऊबदार व दमट करण्याचे नाकाचे काम श्वासनलिकांवर येऊन पडते. कोरड्या हवेने त्यांचे अस्तर सुकते आणि काहींच्या नलिका आकसून खोकला किंवा छातीत घरघर सुरू होते. तोंडावर सैल रुमाल बांधल्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलूनच सराव आखावा.

शर्यतीच्या हवेची सवय किती मोलाची असते, हे 16 एप्रिल 2018 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये दिसले. पारा 4 अंशांच्या घरात होता, त्यात पाऊस आणि समोरून वारा, त्यामुळे कित्येक नामवंत धावपटूंनी अर्ध्यावर माघार घेतली. पुरुषांत 2 तास 15 मिनिटे 58 सेकंदांत जिंकला तो जपानचा युकी कावाउची, जो त्याच वर्षी 1 जानेवारीला त्याच राज्यात गोठणबिंदूच्या कितीतरी खालच्या तापमानात मॅरेथॉन धावला होता.

सोलापूरकराची गरज याच्या नेमकी उलट आहे. सराव थंडीत होतो आणि शर्यत उन्हात संपते. कोरड्या, निरभ्र आकाशामुळे जमिनीची उष्णता रात्री भराभर निघून जाते. त्याच आकाशातून सूर्य वर येताच काळी माती आणि डांबर तापू लागते. पहाटे सुरू झालेल्या शर्यतीतही सावकाश धावणाऱ्याला शेवटचे किलोमीटर उन्हातच काढावे लागतात. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. या काळात रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून जाणारे मीठ कमी होते. ही कमाई उन्हाशी संबंध तुटल्यावर काही आठवड्यांत ओसरते, म्हणून ती शर्यतीच्या तोंडावरच करावी लागते. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, पहाटेचा मुख्य सराव तसाच ठेवून, काही हलक्या धावा सकाळी साडेआठ-नऊला घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वेळी पेस घसरणारच. घड्याळाकडे न पाहता श्वासाच्या अंदाजाने धावावे आणि चक्कर, मळमळ किंवा अंगावर काटा आला तर तिथेच थांबून सावली गाठावी.

आपल्या कोरड्या हवेत माठातले पाणी जसे लवकर गार होते, तसा घामही भराभर उडून अंग गार करतो. अंग कोरडेच दिसत असल्याने किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही; बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले की ते कळते. वर सांगितलेली 470 किलोकॅलरी उष्णता केवळ घामाने घालवायची, तर तासाला सुमारे 800 मिलिलिटर घाम उडावा लागतो. थंडीत तर तहानही मंदावते. त्यासाठी धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. अर्धा किलो घट म्हणजे जवळपास अर्धा लिटर पाणी. मध्ये काही प्यायले असेल तर तेही त्यात मिळवावे. एक मोजणी थंड पहाटेची आणि एक नऊच्या उन्हातली अशी टिपून ठेवली, की शर्यतीत पाण्याच्या कोणत्या टेबलापाशी किती प्यायचे हे आधीच ठरवता येते.