जादा दिवे आणि तांडेलाची नजर

रात्रीच्या मासेमारीसाठी नौकेवर जादा दिवे बसवायचे ठरले, की पहिली मागणी होते ती प्रखर दिव्यांची. (मासे आकर्षित करणाऱ्या एलईडी दिव्यांवर केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली आहे, येथे विचार केवळ कामाच्या उजेडाचा आहे.) परंतु सुकाणूवरच्या तांडेलाला लांबचे दिसायचे असेल, तर त्याच्या डोळ्यांवर येणारा उजेड कमीत कमी हवा.

अंधारात पाहण्याचे काम दृष्टिपटलातील दंडपेशी करतात. त्यांच्यातील ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य उजेडात विघटित होते आणि ते पुरेसे पुन्हा तयार व्हायला साधारण अर्धा तास लागतो. त्यामुळे नाळेवरचा (नौकेच्या पुढच्या टोकावरचा) पांढरा दिवा थोडा वेळ जरी लावला आणि ओल्या, पांढऱ्या रंगाच्या कठड्यावरून त्याची तिरीप केबिनच्या काचेवर आली, तरी तो विझवल्यावर समोरची बिनदिव्याची होडी किंवा जाळ्याचा बोया बराच वेळ नजरेला सापडत नाही. गडद लाल प्रकाश दंडपेशींना फारसा जाणवत नाही, म्हणून केबिनमध्ये मंद लाल दिवा उत्तम. फक्त त्या उजेडात सागरी नकाशावरच्या किरमिजी खुणा पुसट होतात, हे ध्यानात ठेवावे. कामाचा दिवा तांडेलाच्या पाठीमागे, उंचावर, खाली तोंड करून आणि आडोसा लावून बसवावा.

समुद्रातील टक्कर टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा प्रत्येकी 112.5 अंशांत, तर मागचा पांढरा दिवा 135 अंशांत दिसला पाहिजे. समोरची नौका कोणत्या दिशेने चालली आहे, हे दुसरा तांडेल या दिव्यांवरूनच ओळखतो. जादा दिव्यांमुळे त्यांची गल्लत होता कामा नये किंवा ते झाकोळताही कामा नयेत. हौसेने लावलेली लाल-हिरवी एलईडी पट्टी म्हणूनच मला फार धोक्याची वाटते.

12 व्होल्टच्या बॅटरीवर 60 वॅटचा हॅलोजन 5 अँपिअर वीज ओढतो, 12 वॅटचा एलईडी केवळ 1 अँपिअर. मात्र एलईडीमधील वीजनियंत्रक परिपथ नौकेवरच्या संपर्काच्या व्हीएचएफ रेडिओत खरखर निर्माण करू शकतो. त्याची परीक्षा सोपी आहे: रेडिओ शांत चॅनेलवर ठेवून खरखर नुकतीच थांबेल इतकाच स्क्वेल्च (खरखर दाबणारे बटण) फिरवावा आणि मग नवा दिवा लावावा. खरखर परतली, तर तो दिवा बदलावा.