माइक चांगलाय, पण खोलीचं काय? घरी गिटार रेकॉर्ड करण्यामागचं विज्ञान

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. वाजवताना गिटार कानाला मस्त लागते, तारा नव्या, सूर बरोबर, आणि तीच गिटार लॅपटॉपवर ऐकली की पत्र्याच्या डब्यात बसून वाजवल्यासारखी येते. मग पहिला संशय माइकवर, दुसरा इंटरफेसवर, म्हणजे माइक किंवा गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवर, आणि ऑनलाइन खरेदी सुरू. पैसे जातात, आवाज तिथंच राहतो, कारण घोळ बहुतेक वेळा खोलीत असतो आणि खोली काही ऑनलाइन मागवता येत नाही.

पण मग वाजवताना हा घोळ कानाला का कळत नाही? तर गिटारचा आवाज आधी सरळ कानात येतो आणि त्याच्या मागोमाग काही मिलिसेकंदांत भिंतीवर, स्लॅबवर, फरशीवर आपटून आलेला तोच आवाज दहा बाजूंनी येतो. मेंदू काय करतो, जो आधी आला तो खरा धरतो आणि मागून आलेले सगळे त्याच्यातच जमा करून टाकतो, वेगळे ऐकूच देत नाही. हेल्मुट हास या जर्मन माणसाने १९४९ साली याच विषयावर प्रबंध लिहिला, म्हणून याला हास इफेक्ट म्हणतात. शिवाय दोन कान असल्यामुळे कुठला आवाज कुठल्या दिशेने आला हेही मेंदूला कळतं. माइकला यातलं काहीच नाही. त्याच्यापाशी जे पोचलं ते सगळं एकाच ट्रॅकवर ओतलं जातं, आणि नंतर ते एकाच स्पीकरमधून, एकाच दिशेने बाहेर येतं तेव्हा मेंदूकडेही वेगळं करायला काही उरत नाही.

आता आपली खोली बघू. शहरातल्या फ्लॅटमधली बेडरूम साधारण दहा बाय दहा किंवा दहा बाय बारा, आणि वरचा स्लॅबही दहा फुटांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ ठोकळाच. आवाजाच्या दृष्टीने याहून वाईट आकार शोधून सापडणार नाही! कारण असं, की समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाच्या लाटा अडकतात आणि ज्या लाटेची अर्धी लांबी त्या अंतरात नेमकी बसते ती फुगते. हिशोब सोपा आहे, आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर, दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, वेगाला दुप्पट अंतराने भागा, ५७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५७ कंपनं येतात. मग त्याची दुप्पट ११३, तिप्पट १७०. लांबी, रुंदी आणि उंची वेगवेगळी असती तर हे आकडे विखुरले असते, पण ठोकळ्यात तिन्हीकडून तेच आकडे येतात आणि एकमेकांवर चढतात.

यात गिटारवाल्याचं दुखणं असं की पाचवी तार, म्हणजे ए, मोकळी वाजवली की ११० हर्ट्झवर बोलते. खोलीचे ११३ तिच्या अगदी शेजारी. म्हणून अशा खोलीत ए कॉर्ड वाजवला की खर्जात एकदम ढुंम करून काहीतरी उठतं आणि बाकीचे कॉर्ड त्यापुढे बारीक वाटतात. १७० चा मुक्काम चौथ्या तारेच्या दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये कुठेतरी. तुमच्या खोलीचे आकडे वेगळे असतील, तेव्हा टेप घेऊन मोजा, किंवा मोजायचाही कंटाळा असेल तर सहाव्या आणि पाचव्या तारेवर एकेक फ्रेट वर सरकत सारख्याच जोराने वाजवा, कुठले सूर उगीच अंगावर येतात आणि कुठले गायब होतात ते लगेच कळतं.

हा फुगवटा खोलीत सगळीकडे सारखा नसतो. भिंतीला चिकटून आणि कोपऱ्यात सगळ्याच लाटांचा दाब जास्त असतो, तिथं बसू नका. बरोबर मध्यभागीही नको, कारण तिथं ५७ वाली लाट नाहीशी होते पण ११३ वाली ऐन भरात असते. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर बसून सुरुवात करा आणि फूट-फूटभर सरकून बघा. पलंग मध्ये येत असेल तर पलंग सरकवा, घरचे ओरडतील पण या सरकवण्यानं जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्या प्लगइनने, म्हणजे रेकॉर्डिंगला लावायच्या सॉफ्टवेअर इफेक्टने, पडत नाही असं माझं ठाम मत आहे.

आता फोमबद्दल. भिंतीवर एक इंचाचे काळे-लाल फोमचे चौकोन चिकटवले की स्टुडिओ झाला असं सगळ्यांना वाटतं, काही जण तर अंड्याचे ट्रे लावतात. ट्रेने जवळपास काही होत नाही हो. फोम, कापूस, कापड असल्या सच्छिद्र वस्तू हवेच्या हालचालीतली ऊर्जा घर्षणाने खातात, आणि भिंतीला लागून हवा हलूच शकत नाही, तिची हालचाल सगळ्यात जास्त असते ती भिंतीपासून लाटेच्या पाव लांबीवर. एक इंच म्हणजे अडीच सेंटीमीटर ही पाव लांबी ज्या आवाजाची आहे तो आहे जवळपास ३४०० हर्ट्झचा, त्याच्या खाली फोमची ताकद झपाट्याने कमी होत जाते. आपला त्रासदायक ११३ हर्ट्झ घेतला तर पाव लांबी भरते पाऊण मीटर! म्हणजे पातळ फोमने फक्त वरची चमक खाल्ली जाते, खर्जाचा गोंधळ तसाच, आणि गिटार आणखीच मेल्यासारखी वाटते. त्यापेक्षा घरातली कापसाची जाड गादी भिंतीपासून फूटभर अंतर ठेवून उभी करा, कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारं उघडी ठेवा, फरशीवर काहीतरी जाड अंथरा. खर्ज पूर्ण आटोक्यात येणार नाही, पण मधला भाग बराच निवळतो आणि खर्चही शून्य.

गादी उभी करायची कुठे, इथं बरेच जण फसतात आणि माइकच्या मागे उभी करतात. घरी बहुतेकांकडे असतो त्या कार्डिऑइड, म्हणजे समोरचंच जास्त ऐकणाऱ्या माइकला पाठीमागचं कमी ऐकू येतं, त्याचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे त्याला तुमच्या पाठीमागची भिंत दिसते. तेव्हा गादी किंवा दोन-तीन गोधड्या तुमच्या पाठीमागे.

मग माइक कुठे? नवशिक्या माणसाला वाटतं आवाज भोकातून येतो तर माइक भोकासमोर. पण गिटारचा डबा आणि ते भोक मिळून हवेचा एक रेझोनेटर तयार होतो, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर हूं करून येतो तोच प्रकार, आणि मोठ्या ड्रेडनॉट गिटारमध्ये तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमतो. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी आहे ९८ हर्ट्झ, म्हणजे तोही फुगणारच. त्यात कार्डिऑइड माइक जितका जवळ नेऊ तितका तो स्वतःहून खर्ज वाढवतो, आणि खोलीचं आधीचं आहेच. म्हणून बाराव्या फ्रेटच्या समोर, २०-३० सेंटीमीटरवर, किंचित डब्याकडे वळवून, ही सुरुवातीची जागा बरीचशी सगळीकडे चालते. आणखी लांब नेला तर सूर एकजीव होतो पण खोली जास्त ऐकू येते, अंतर निम्मं केलं की सरळ येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा तेवढाच राहतो, म्हणजे वाईट खोलीत थोडं जवळच राहावं लागतं, इलाज नाही. हेडफोन लावून दुसऱ्या कुणाला वाजवायला सांगा आणि माइक दोन-दोन बोटं हलवत ऐका.

शेजारचं टेबलही लक्षात असू द्या. टेबलावर किंवा लॅपटॉपच्या स्क्रीनवर आपटून आलेला आवाज सरळ आवाजापेक्षा ३४ सेंटीमीटर जास्त चालून आला तर तो एक मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि तेवढ्या उशिरात ५००, १५००, २५०० हर्ट्झ असे ठरावीक अंतरावरचे आवाज एकमेकांना खोडून टाकतात. ऐकायला गिटार पोकळ, नाकातून बोलल्यासारखी. ईक्यूने, म्हणजे खर्ज-मध्य-वरचा आवाज कमीजास्त करून, हे भरून निघत नाही, टेबल बाजूला करा.

इलेक्ट्रिक गिटारवाले म्हणतील आम्हाला खोलीचं काय, आम्ही केबल सरळ इंटरफेसमध्ये लावतो, रात्री बाराला वाजवलं तरी सोसायटीत कुणी ओरडत नाही. बरोबर आहे, पण तिथं दोन वेगळे खड्डे आहेत. एक म्हणजे इंटरफेसवरचं इन्स्ट (इन्स्ट्रुमेंट) लिहिलेलं बटण दाबलेलं हवं. गिटारचा पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांची तार, तिला पुढे साधारण दहा लाख ओहमचा इनपुट लागतो, लाइन इनपुट दहा हजारांच्या आसपासचा असतो आणि तिथं लावलं की वरचा आवाज बसतो. दुसरा खड्डा डिस्टॉर्शनचा, म्हणजे रॉकमधल्या मुद्दाम फाडलेल्या आवाजाचा. अँपच्या बारा इंची स्पीकरमधून ५००० हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर पडतच नाही, डिस्टॉर्शनचा सगळा कचरा तिथं गाळला जातो. सरळ रेकॉर्ड केलं की तो कचरा तसाच येतो, मच्छर अडकल्यासारखा. म्हणून अँप सिम्युलेटरनंतर, म्हणजे अँपची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरनंतर, कॅबिनेटचा (स्पीकरच्या खोक्याचा) इम्पल्स रिस्पॉन्स लावायचा, म्हणजे खऱ्या स्पीकरला आवाजाचा एक क्षणभराचा ठोका दिल्यावर तो कसा वाजला त्याची नोंद, आणि सॉफ्टवेअर तुमच्या प्रत्येक सुराला त्या नोंदीतून काढतं. हे फुकटातही भरपूर मिळतात. पैसे नसतील तर अँपवर कंजुषी करा, यावर नको.

गुंईंईं येत असेल तर तो बहुधा आपल्या विजेचा ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला आवाज. सिंगल कॉइल पिकअप तो अँटेनासारखा ओढतो, खुर्चीत जरा वळून बसलात तर कमी-जास्त होतो त्यावरून ओळखता येतो. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट्या कॉइल जोडून हा हम मारला, तोच हंबकर. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा चार्जर काढला की शांत होतं. मात्र हम घालवायला कुणी तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन काढायला सांगितली तर अजिबात ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

पंखा बंद करावाच लागतो. मे महिन्यात मुंबई-कोकणात त्याचं काय होतं ते सांगायला नको, घामाने तारा लवकर मळतात आणि मळलेल्या तारेचे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले चमक देणारे सूर, मरतात, पावसाळ्यात लाकूड दमट हवा पिऊन फुगतं ते वेगळंच. सकाळी लवकर रेकॉर्ड करा, रस्ताही तेव्हा शांत असतो.

लेव्हल फार चढवायची गरज नाही, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर २४ बिटवर ठेवलं असेल तर सर्वात जोराचा स्ट्रोक मीटरवर उणे १२ डेसिबलला, म्हणजे कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खाली, पोचला तरी पुष्कळ. आणि दोन टेक (एकच तुकडा दोनदा रेकॉर्ड केलेला) किंवा दोन प्लगइन यांची तुलना करताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज हळू असला की कानाला खर्ज तुलनेत कमी ऐकू येतो, म्हणून जरासा मोठा असलेला टेक नेहमी जास्त भरदार वाटतो. बरेच प्लगइन लावल्याबरोबर लेव्हल गुपचूप दोन-तीन डेसिबल वाढवतात आणि आपण त्याला सुधारणा समजतो. लेव्हल सारखी करा आणि मग तो प्लगइन चालू-बंद करून बघा, ठेवायचा की काढायचा ते तिथंच ठरेल.